मदत हवी आहे : होडीवरचे लाईट दोन तासांत बंद पडतात

भीमाथडी
होडीवर दोन एलईडी लावलेत, बॅटरीवर. रात्री अकराला निघतो, एक वाजायच्या आत दोन्ही लुकलुकायला लागतात आणि मग बंद. बॅटरी दिवसभर चार्जिंगला असते, तरी रोज तेच. दुकानदार म्हणतो बॅटरी गेली, नवीन घे. दिवाळीला त्याच्याकडूनच घेतली होती. मागच्या आठवड्यात अंधारात दुसरी होडी आमच्या होडीला घासून गेली. धाकटा भाऊ काठाला धरून जाळं ओढत होता, बोटं थोडक्यात वाचली त्याची. लाईट पाहिजेच. आज रात्री परत जायचंय, लवकर सांगा.

सोल्डरवाला_सोलापूर
बॅटरी किती एएचची (अँपिअर-तास, म्हणजे साठा किती)? लाईट किती वॅटचे? वायर कोणती, किती लांब? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

नवीपेठकर
लिथियम घ्या, विषय संपला. लिथियम फॉस्फेटची १२.८ व्होल्टची येते, वजन शिशाच्या बॅटरीच्या निम्म्याहून कमी. शेवटपर्यंत लाईट एकसारखा राहतो. मी माझ्या रसवंतीच्या गाड्यावर लावली आहे, दोन उन्हाळे झाले, हात लावावा लागला नाही.

भीमाथडी
उजनीवर, केत्तूरच्या बाजूला. बॅटरी गाडीची आहे, काळी, मोठी. लाईट ट्रॅक्टरला पुढं लावतात ते. वायर घरात होती तीच वापरली. लिथियमला पैसे नाहीत दादा, आहे त्यात काय होतंय ते सांगा.

सोल्डरवाला_सोलापूर
गाडीची म्हणजे टू-व्हीलरची, कारची का ट्रॅक्टरची? वरच्या चिठ्ठीवर आकडा असतो, तो वाचा. लाईटच्या मागंही वॅट लिहिलेले असतात.

हर्णैचा_पोरगा
दादा, एलईडी लावून मासेमारी बंद आहे ना? आमच्याकडं समुद्रात केंद्रानं २०१७ सालीच बंदी घातली. उजेडाला मासळी गोळा होते आणि सगळं साफ उचललं जातं, पुढच्या वर्षी काही उरत नाही. त्यापायी पारंपरिक मच्छीमार किती भांडले ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय. आधी नियम बघा, मग बॅटरी.

भीमाथडी
भाऊ, मासे गोळा करायला नाही लाईट. आमची जाळी संध्याकाळीच टाकलेली असतात, रात्री फक्त काढायची, म्हणजे सकाळच्या लिलावाला भिगवणला माल वेळेत पोचतो. लाईट जाळ्यातले काटे-फांद्या दिसायला आणि दुसऱ्याला आपण दिसायला. पाणी उतरत चाललंय. बुडालेल्या बाभळींचे शेंडे वर आलेत, काही वितीवर पाण्याखाली आहेत. त्यावर होडी गेली की तळ फाटलाच.

माढेकर_तात्या
जाळी कसली, किती आसाची, म्हणजे भोक केवढं? मध्यरात्री जाणारे बरेच जण वडापवाले, म्हणजे बारीक जाळं लावणारे, असतात. बोटभर पिल्लं ओढून नेतात आणि मग धरणात मासा राहिला नाही म्हणून रडतात. तसं असेल तर मी तरी मदत करणार नाही.

भीमाथडी
तात्या, वडापाला आमच्या गावचाच विरोध आहे. चार बोटं आरपार जातील अशा आसाची जाळी आहेत आमची. आजोबा भीमेत मासे धरायचे, धरण व्हायच्या आधी. पिल्लं मारून आम्हीच खाणार काय पुढं? बॅटरी ३५ एएच. लाईट १८ वॅटचे दोन. वायर स्पीकरला वापरतात ती लाल-काळी.

सोल्डरवाला_सोलापूर
आता बोलता येईल. दोन्ही मिळून ३६ वॅट, भागिले १२ म्हणजे ३ अँपिअर. ३५ एएचची बॅटरी अर्ध्यापर्यंतच वापरायची म्हटलं तरी १७ एएच हातात येतात, म्हणजे साडेपाच तास लाईट चालायला पाहिजेत. दोन तासांत बंद पडतात म्हणजे एक तर बॅटरी खरंच गेली, नाही तर ती भरतच नाही. चार्जर कोणता?

नदीकाठची
सोल्डरवाले दादा आकड्यांचं बघतायत, मी होडीचं सांगते. माहेर इंदापूरच्या काठाला, वडिलांबरोबर लग्नापर्यंत होडीत बसलेय. दोन्ही लाईट पुढं काठीला लावले असतील तर आधी ते तिथून काढा. समोर झगझगीत उजेड असला की त्याच्या पलीकडचं काहीच दिसत नाही, डोळे दिपतात. पाण्यावर धुकं असलं तर पांढरी भिंतच उभी राहते. एक लाईट जाळं ओढायच्या बाजूला, कमरेखाली, तोंड पाण्याकडं. तो फक्त जाळं काढताना लावायचा, त्याला वेगळं बटण. आणि मागच्या काठीवर तीन-चार वॅटचा एक बारका पांढरा, चारी बाजूंनी दिसेल असा. तो निघाल्यापासून परत येईपर्यंत बंद करायचा नाही. धडक वाचते ती त्या बारक्या दिव्यानं, तुमच्या मोठ्यानं नाही.

सोल्डरवाला_सोलापूर
ताई, लाख बोललात. शिवाय ३ वॅट म्हणजे पाव अँपिअर. रात्रभर जळला तरी दोन एएच खाणार नाही.

पुणेकर_पक्षीप्रेमी
उजनीवर फ्लेमिंगो आहेत का अजून? रविवारी चौघं येतोय. केत्तूरच्या बाजूनं होडी मिळेल का, आणि साधारण किती घेतात?

नवीपेठकर
शिशाच्या बॅटरीवर एवढा वेळ घालवण्यात अर्थ नाही. गाडीची बॅटरी स्टार्टरसाठी असते. आतल्या प्लेटा पातळ, एकदम दणका द्यायला बनवलेल्या. रोज तळापर्यंत उतरवली तर वर्षभरात जाणार. निदान इन्व्हर्टरची ट्युब्युलर तरी घ्या.

माढेकर_तात्या
ट्युब्युलर होडीत? दोन माणसांनी उचलायची वस्तू ती. हलक्या होडीत एका अंगाला ठेवली तर उलटायचीच.

नवीपेठकर
म्हणून तर लिथियम म्हणतोय, तात्या.

सोल्डरवाला_सोलापूर
नवीपेठकरांचं प्लेटांबद्दलचं म्हणणं खरं आहे. पण लिथियम आणली आणि चार्जर चुकीचा असला तर तीही भरणार नाही. भीमाथडी, चार्जरचं उत्तर आलं नाही अजून.

भीमाथडी
चार्जर म्हणजे अडॅप्टर आहे, कॅमेऱ्याला असतो तो. वर १२ व्होल्ट २ अँपिअर लिहिलंय. बॅटरी पण १२ व्होल्टचीच ना. सकाळी लावतो, संध्याकाळी काढतो. हिरवा दिवा लागलेला असतो म्हणजे फुल झालेली असते.

सोल्डरवाला_सोलापूर
सापडलं. तुमची बॅटरी गेली नाही भाऊ, उपाशी आहे.
तो हिरवा दिवा अडॅप्टरला वीज मिळतेय एवढंच सांगतो. रिकाम्या बॅटरीला लावा नाही तर नुसता टेबलावर ठेवा, तो जळणारच. १२ व्होल्टची बॅटरी हे बोलायचं नाव आहे. आत सहा खाने असतात, पूर्ण भरल्यावर प्रत्येकी २.१ व्होल्टच्या आसपास, म्हणजे बॅटरी स्वतःच १२.६ - १२.७ दाखवते. ती भरायला चार्जरनं १४.४ पर्यंत चढावं लागतं. १२ च्या अडॅप्टरनं १२.६ कुठून येणार? टाकीपेक्षा खालच्या हौदातून पाणी वर चढत नाही. दहा तास लावा नाही तर दहा दिवस, बॅटरी १२ ला येऊन थांबणार, आणि १२ म्हणजे पाव-एक भरलेली. ३५ चा पाव भाग नऊ एएच, ३ अँपिअरनं तीन तास. त्यात वायरची गळती धरा, झाले तुमचे दोन तास.
मल्टिमीटर असेल तर अडॅप्टर काढून तासाभरानं बॅटरी मोजा.

भीमाथडी
शेजारच्या वायरमनकडून आणून मोजली. ११.९८.

सोल्डरवाला_सोलापूर
बघा. आता ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये बॅटरी चार्जर असतोच, तिथं नेऊन टाका. साडेतीन अँपिअरच्या आसपास लावायला सांगा, घाई करून दहा-पंधरावर नको. वरची बुचं उघडत असतील तर आधी पाणी बघा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतकं डिस्टिल्ड वॉटर घाला, विहिरीचं नाही. चार्जिंग मोकळ्या जागी, चुलीजवळ नको, भरताना हायड्रोजन सुटतो.
वायरही बदला. स्पीकरची वायर अर्ध्या एमएमची असते. बॅटरी मागं, लाईट पुढं, पाच मीटर जाऊन पाच मीटर परत, म्हणजे ३ अँपिअरला एक व्होल्ट वायरीतच जातो. अडीच एमएमची घातली की तोच ०.२ वर येतो. जोड नुसते पिळून टेप मारू नका, पाणी आत जाऊन हिरवे पडतात. सोल्डर करा आणि वर स्लीव्ह. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर ५ अँपिअरचा फ्यूज. होडीत तारा घासून शॉर्ट झाली तर तीच वायर पेटते, आणि पळायला जागा नसते.

नदीकाठची
बॅटरी भाजीच्या क्रेटमध्ये उभी बांधा, मधोमध. कलंडली तर ॲसिड पायावर येतं, माझ्या भावाच्या पोटरीवर डाग आहे अजून. आणि लाईफ जॅकेट घालताय का दोघं? कुगाव-कळाशीची होडी मे २०२४ मध्ये वाऱ्यानं उलटली, सहा माणसं गेली. ती तर उजेडाचीच वेळ होती. पोहता येतं म्हणून अंगावर जॅकेट नाही असं करू नका.

भीमाथडी
एकच जॅकेट आहे ताई, भावाला घालायला लावतो.

नदीकाठची
दुसरं आणा. लाईटच्या आधी आणा.

माढेकर_तात्या
लहानपणी उजनीची मरळ घरी आली की गल्लीत वास जायचा. आता जिकडं तिकडं चिलापी. भीमाथडी, मरळ मिळते का अजून? मिळाली तर कळवा, टेंभुर्णीपर्यंत मी घ्यायला येतो. आणि आसाबद्दल बोललो ते मागं घेतो.

भीमाथडी
क्वचित मिळते तात्या. लागली की सांगतो.

*(तीन दिवसांनी)*

भीमाथडी
सगळ्यांचे आभार. गॅरेजमध्ये रात्रभर ठेवली. तिथला माणूस म्हणाला अडॅप्टरवर बॅटरी भरतोस होय, आणि मग त्यानंच टर्मिनलवरचा पांढरा थर सोड्याच्या गरम पाण्यानं धुऊन दिला. काढून तासाभरानं मोजली, १२.६१. काल ताईंनी सांगितलं तसं एक लाईट खाली पाण्याकडं तोंड करून बांधला, मागं मोटरसायकलचा छोटा एलईडी काठीला. अकराला निघालो, साडेचारला काठाला लागलो, दोन्ही चालू होते. मधे एक होडी समोरून आली, तिनं लांबूनच हाळी दिली आणि बाजूनं गेली. दुसरं जॅकेट सांगितलंय, परवा येईल. पक्षीप्रेमी दादा, फ्लेमिंगो आहेत, पण आमच्या होडीत माणसं घेत नाही, ती जाळ्याची होडी आहे.

सोल्डरवाला_सोलापूर
छान झालं. आता रोज गॅरेजला नेणं जमणार नाही, १४.४ व्होल्टचा साधा ऑटोमॅटिक चार्जर घ्या, भरली की आपोआप कमी होणारा. शेतातली लाईट पाळीची असेल तर चार्जिंग घरी करा. आणि सकाळी आल्या आल्या लावा, रिकामी ठेवली की प्लेटांवर थर बसतो. फ्यूज बसवला का?

भीमाथडी
नाही अजून. वायर आणि फ्यूज आणायला आज जेऊरला जातोय.

सोल्डरवाला_सोलापूर
बसवल्यावरच होडी पाण्यात घाला.