मदत हवी आहे : मे महिन्यात हातात घेता येईल असा बर्फ, पण सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपेल अशा जागी

नमस्कार मंडळी,

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सोलापूरहून आम्ही सहा जण डोंगराळ भागात जायचं म्हणतोय. सासूबाई (७१), सासरे (७४), आम्ही दोघं, चौथीतली लेक आणि यंदा बारावीची परीक्षा देणारा पुतण्या. घरचाच टॉवेलचा कारखाना आहे, माग फार दिवस बंद ठेवता येत नाहीत, त्यामुळे जाऊन-येऊन दहा-अकरा दिवसांत बसवायचं आहे. सगळ्यांचा मिळून खर्च दीड-पावणेदोन लाखांच्या आत राहिला तर बरं.

सासूबाईंना बर्फ हातात घ्यायचा आहे. लांबून डोंगरमाथ्यावर दिसला तर त्यांचं समाधान होणार नाही. आमचा फ्रिज जुना, एका दाराचा. वरच्या खणात बर्फाचा थर जमला की तो खरवडायचं काम त्या दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. भुसभुशीत चुरा तळहातावर घेऊन नातीला दाखवतात आणि पाणी कोपरापर्यंत ओघळलं की पदराला हात पुसतात. ‘एकदा खऱ्या बर्फात पाय ठिवायचाय बघ,’ एवढंच म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही, त्यामुळे ही सहल मला व्हायलाच हवी आहे.

पण गुडघे साथ देत नाहीत. तुळजापूरला देवळाच्या पायऱ्या उतरताना कठड्याला धरून, अंग आडवं करून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरतात. सपाटीवर सावकाश चालतात, पण चढ लागला किंवा पायाखाली निसरडं असलं की पन्नास पावलंही अवघड. सासऱ्यांना मधुमेह आहे, इन्सुलिन घेतात, बीपीची गोळीही आहे. ईसीजी आणि टूडी इको बघून डॉक्टरांनी जायला हरकत नाही म्हटलंय, पण रात्रीचा मुक्काम अडीच हजार मीटरच्या वर नको असं बजावलंय. सोलापूर जेमतेम साडेचारशे मीटरवर, त्यामुळे आम्हाला कुणालाच विरळ हवेची सवय नाही. विरळ हवेचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या पुढे होऊ शकतो, बहुतेकदा वर पोचल्यावर काही तासांनी सुरू होतो आणि रात्री वाढतो. म्हणून दिवसा वर जाऊन बर्फ बघायचा आणि झोपायला खाली यायचं, या एका गोष्टीवर बाकीचं सगळं बसवते आहे.

याच हिशेबात सिक्कीम मागे पडलं. गंगटोक १,६५० मीटरवर म्हणजे मुक्कामाला छान, पण त्सोमगो तलाव ३,७५० मीटरच्या आसपास आणि नथुला ४,३०० च्या वर. दोन-तीन तासांत दोन हजार मीटरहून जास्त चढायचं, हे सासऱ्यांच्या बाबतीत मला नको वाटतं. लेहचा तर विचारच केला नाही, तिथे मुक्कामच साडेतीन हजार मीटरवर. काश्मीरमध्ये श्रीनगर सोळाशे मीटरच्याही खाली आहे, गुलमर्गला गंडोलात (रोपवेच्या पाळण्यात) बसून वर जाता येतं आणि जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरला वंदे भारतही धावते. सासरे एका पायावर तयार आहेत. पण २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला जे घडलं त्यानंतर सासूबाईंचं मन घेत नाही, आणि त्यांच्यासाठीच जायचं तर त्यांच्या मनाविरुद्ध नेण्यात मला अर्थ वाटत नाही. शिवाय मेच्या तिसऱ्या आठवड्यात गंडोलाच्या पहिल्या टप्प्यावर बर्फ उरतो का? दुसरा टप्पा जवळपास ३,९५० मीटरवर जातो, तो आम्हाला चालणार नाही.

उरलं हिमाचल. मनाली दोन हजार मीटरच्या आसपास, म्हणजे मुक्कामाला योग्य. ऑक्टोबर २०२० मध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून ३,९७८ मीटरची रोहतांग खिंड न ओलांडता पलीकडच्या लाहौल खोऱ्यात उतरता येतं. बोगद्याची दोन्ही तोंडं तीन हजार मीटरच्या थोडी वर, पलीकडचं सिस्सू गावही साधारण तेवढ्याच उंचीवर. तिथे श्वासागणिक प्राणवायू समुद्रसपाटीपेक्षा तीसेक टक्क्यांनी कमी मिळतो, तरी दोन-तीन तास थांबून परत यायला डॉक्टरांची हरकत नाही. माझा मुख्य प्रश्न इथेच आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात सिस्सू किंवा कोकसरच्या बाजूला गाडीतून उतरून वीस-पंचवीस पावलांत पोचता येईल असा बर्फ असतो का? की तोवर सगळा वितळून रोहतांगलाच जावं लागतं? रोहतांगला गाड्यांचा ऑनलाइन परवाना लागतो आणि मंगळवारी रस्ता पर्यटकांसाठी बंद असतो, हे माहीत आहे. अडचण उंचीची आहे. त्या दिवसांत मनालीत राहून आलेल्या कुणी डोळ्यांनी बघितलेलं सांगितलं तर फार उपयोग होईल. समाजमाध्यमांवरच्या फोटोंवर तारीख नसते, त्यामुळे फेब्रुवारीचा बर्फ कुठला आणि मेचा कुठला हे कळत नाही.

दुसरा प्रश्न लेकीचा. तिला गाडी लागते. महाबळेश्वरच्या घाटातही दर थोड्या वेळाने थांबावं लागतं. आलेपाक, लिंबू, पुढची सीट, गोळी, सगळं करून झालंय. त्यात विरळ हवेच्या त्रासातही डोकं दुखतं, मळमळतं, खाणं नकोसं होतं. मग वर गेल्यावर तिला उलटी झाली तर ती वळणांमुळे की उंचीमुळे, हे ओळखायचं कसं? ज्यांनी अशा मुलांना नेलंय त्यांनी काय बघितलं ते कृपया सविस्तर लिहा. माझा अंदाज असा की गाडी थांबवून सपाटीवर तासभर बसल्यावर बरं वाटलं तर ते वळणांचं; डोकेदुखी टिकली आणि मरगळ वाढली तर वाट न बघता खाली उतरायचं. हे बरोबर आहे का?

तिच्यासाठीच कालका-सिमला गाडीचा विचार आहे. ९६ किलोमीटर, शंभरावर बोगदे, पाच-साडेपाच तास. रेल्वेत तिला कधी त्रास होत नाही. पण सिमल्याहून मनालीचा अडीचशे किलोमीटरचा डोंगरी रस्ता एका दिवसात तिला आणि सासूबाईंना जड जाईल. सिमला सोडून चंदीगडहून थेट मनाली करावं आणि वाटेत मंडीला मुक्काम टाकावा, की सिमला ठेवून मध्ये कुठे थांबावं? मंडीच्या बाजूने गेलो तर मणिकर्णही जमेल असं वाटतं. तिथल्या गरम पाण्याच्या उकळत्या कुंडात भांडी सोडून गुरुद्वाऱ्याच्या लंगरचा भात शिजतो, हे ऐकल्यापासून सासूबाईंनी ते नाव लक्षात ठेवलंय.

जाण्याचं बघायचं तर कर्नाटक एक्स्प्रेस सोलापूरहून थेट नवी दिल्लीला जाते, एक रात्र गाडीत. पुढे शताब्दीने कालका. सासूबाईंना खालचाच बर्थ हवा. ज्येष्ठांचा खालच्या बर्थचा कोटा एका तिकिटावर एक किंवा दोन प्रवासी असले तरच लागू होतो, म्हणून दोघांचं तिकीट वेगळं काढणार आहे. मग आमचा डबा लांब आला तर रात्री त्यांच्याजवळ कोण, हा घोर आहे. डबा एकच मिळावा म्हणून कुणी काही युक्ती केली आहे का? आणि इन्सुलिनचं कसं करता? दिल्लीच्या फलाटावर मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंश, तर वर बर्फाजवळ गोठायची भीती, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही. वर असताना इन्सुलिनचं पेन आतल्या खिशात अंगालगत ठेवायचं ठरवलंय. खालच्या उन्हासाठी कुठली पिशवी दिवसभर थंड राहते?

खाण्याची काळजी नाही. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी डबे भरून घेणार आहोत.

भर (प्रतिसाद वाचून) :

सगळ्यांचे मनापासून आभार. मार्चमध्ये जा असं काहींनी सुचवलंय. बर्फाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, पण तेव्हा लेकीची आणि पुतण्याची परीक्षा. सहल कंपनीबरोबर जा हा सल्ला माझ्या नणंदेचाही आहे. पण तिथे रोज पहाटे तयार होऊन बसमध्ये बसायचं, सगळ्यांच्या पायांनी चालायचं. सासूबाई दुखतंय म्हणून कधीच सांगणार नाहीत, ओठ मिटून चालत राहतील. स्वतःची गाडी ठरवली तर ‘आज कुठेच नको’ म्हणता येतं, आणि तशी एक मोकळी दुपार मी आधीच धरून ठेवली आहे.

घोड्यावर बसवा असं दोघांनी लिहिलंय. चढताना-उतरताना गुडघ्यावर जो ताण येईल त्याची मला भीती वाटते. चाकांची खुर्ची बर्फाच्या कडेपर्यंत जाऊ शकेल असा सपाट रस्ता बोगद्याच्या पलीकडे आहे का? पुतण्या ढकलायला तयार आहे.

उटीचं सुचवणाऱ्यांना : ते आमचं राखीव ठिकाण आहे. कोइम्बतूरला सोलापूरहून थेट गाडी आहे, मेट्टुपाळयमहून दातेरी रुळांची डोंगरगाडीही आहे, रस्त्याने स्वतःची गाडी नेली तर ई-पास मात्र आधी काढावा लागतो. सासऱ्यांची तब्येत ऐनवेळी कुरकुरली तर तिकडे वळू. पण तिथे बर्फ नाही.

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधीच उघडतं, म्हणजे मार्चच्या मध्यापर्यंत मला सिस्सू की आणखी कुठे हे ठरवावं लागेल. त्या भागात टॅक्सी चालवणारं कुणी ओळखीचं असेल तर एवढं विचारून सांगा : गेल्या वर्षी वीस मेच्या सुमारास रस्त्याच्या कडेला बर्फ नेमका कुठपर्यंत होता?