जुन्या खुनांत डॉक्टरने सांगितलेली मृत्यूची वेळ किती धरायची?

गोदाकाठ (परभणी):
‘जॅक द रिपर’ या न सापडलेल्या मारेकऱ्याच्या नावावरच्या पाच खुनांपैकी एक घ्या. लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये ८ सप्टेंबर १८८८ ला अ‍ॅनी चॅपमनचा मृतदेह एका घराच्या मागच्या अंगणात सापडला. पोलिसांचे डॉक्टर फिलिप्स सकाळी साडेसहाला आले. जीव जाऊन किमान दोन तास झालेत, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे साडेचार, किंवा त्याच्याही आधी. पण घरमालकिणीचा मुलगा रिचर्डसन पावणेपाचच्या सुमाराला त्याच अंगणाच्या पायरीवर बसून बुटाचं चामडं कापत होता. त्याला काहीच दिसलं नाही. साडेपाचला मिसेस लाँगने चॅपमनला एका माणसाशी बोलताना पाहिलं. शेजारच्या कॅडॉशने साधारण त्याच वेळी कुंपणावर काहीतरी आदळल्याचं ऐकलं. तिघांची साक्ष एका बाजूला आणि अंग किती थंड पडलंय हे हाताने चाचपून काढलेला अंदाज दुसऱ्या बाजूला. अशा अंदाजावर कुणाला दोषी धरू नये आणि सोडूही नये.

वकील_बीड:
भाऊ, हा त्या डॉक्टरवर अन्याय आहे. सकाळ गार होती आणि रक्त फार गेल्यामुळे अंग लवकर थंड पडलं असेल, हे त्यांनी स्वतःच साक्षीत सांगितलं होतं. उलट तुमचे साक्षीदार बघा. लाँगबाई मयताला ओळखतच नव्हत्या, त्यांनी नंतर शवागारात मृतदेह पाहून ओळख पटवली. कॅडॉशने कुंपणापलीकडे डोकावलंसुद्धा नाही. उलटतपासणीत असले साक्षीदार टिकत नाहीत.

गोदाकाठ:
वकीलसाहेब, मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, कोरोनर बॅक्स्टरने, तरी शेवटी साक्षीदारांचंच मानलं ना?

सिस्टर_अंबाजोगाई:
दादा, थंडीचा मुद्दा आपल्याकडे लावून बघा. शरीराचं तापमान ३७ अंश. मे महिन्यात परभणीत ४३ अंश असताना उघड्यावरचा देह थंड होणार कसा? अंग ताठरतंही लवकर आणि सैलही लवकर पडतं. म्हणून पोहोचल्याबरोबर हवेचं तापमान, अंगावरचे कपडे, जागा ऊन की सावली हे लिहून ठेवावं लागतं. १८८८ चं हे सगळं आज कोण सांगणार? रिपरच्या त्याच खुनांत फिलिप्सना मारेकऱ्याला शरीररचनेची माहिती दिसली. पोलिसांचे दुसरे डॉक्टर बाँड म्हणाले, खाटकाएवढीही नाही. आणि बाँडनी पाचपैकी चार खुनांच्या फक्त नोंदी वाचल्या होत्या. मृतदेह बघितलेल्याचं आणि कागद वाचलेल्याचं मत एका तराजूत घालू नका, एवढंच म्हणते.

गोदाकाठ:
ताई, मग पुण्याचा अनंत लागू खटला घ्या. या डॉक्टरवर आपल्याच पेशंटला, लक्ष्मीबाई कर्वेंना, विष देऊन मारल्याचा आरोप होता. १९५६ ला त्या गेल्या. शवविच्छेदनात विष नाही, रासायनिक तपासणीतही नाही, कारण म्हणून डायबेटिक कोमा, म्हणजे मधुमेहाने आलेली बेशुद्धी, सांगितला गेला. तरी १९५९ ला सुप्रीम कोर्टाने शिक्षा कायम केली, कारण डॉक्टर लागूंचं आधीचं आणि नंतरचं वागणं बोलत होतं. डॉक्टरी मतावर थांबले असते तर?

वकील_बीड:
निकाल दोन विरुद्ध एक होता, हेही लिहा. तिसऱ्या न्यायमूर्तींना विषप्रयोग सिद्ध झाल्याचं पटलं नव्हतं. फाशीच्या खटल्यात ती शंका मला फार मोठी वाटते. वागणं संशयास्पद असू शकतं, पण मरण कशाने आलं हे डॉक्टरनेच सांगायला हवं.