६४ कोअरचा सर्व्हर ३२ कोअरनंतर अडतो: मेमरी वाढवावी की प्रोग्रॅम बदलावा?

नमस्कार.

मी सांगलीत राहतो. कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाशी ४० फुटांची इशारा पातळी ओलांडून ४५ फुटांच्या धोका पातळीकडे चढू लागले की ते कोणत्या भागात कसे पसरेल, हे आजमावणारा प्रोग्रॅम २०१९च्या पुरापासून सवडीने लिहीत आहे. त्यासाठी नुकताच एक वापरलेला सर्व्हर घेतला. त्यात एएमडीचा एपिक ७७४२ हा ६४ कोअरचा (स्वतंत्रपणे हिशेब करणाऱ्या भागांचा) प्रोसेसर आहे. एकच हिशेब ८ कोअरवर ५२, १६ कोअरवर २९, ३२ कोअरवर २१ आणि ६४ कोअरवर २० मिनिटांत होतो. म्हणजे शेवटच्या ३२ कोअरनी मिळून एक मिनिट वाचवले!

हे आकडे एका दुरुस्तीनंतरचे आहेत. प्रत्येक थ्रेडची (एका कोअरवर चालणाऱ्या कामाच्या धाग्याची) पाण्याची बेरीज मी एकाच अ‍ॅरेत (आकड्यांच्या यादीत) शेजारी शेजारी ठेवली होती. कॅशची (कोअरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीची) ओळ, म्हणजे एका वेळी हलणारा तुकडा, ६४ बाईटची असल्याने आठ थ्रेडच्या बेरजा एकाच ओळीत येत आणि कोअरांमध्ये तिची सारखी ओढाताण चाले. तेव्हा ६४ कोअरना २३ मिनिटे लागत.

मग झाकण उघडून पाहिले. मेमरी १२८ जीबी आहे हे खरे, पण ती ३२ जीबीच्या चारच पट्ट्यांत. प्रोसेसरला मेमरीकडे जाणारे आठ चॅनेल (मार्ग) आहेत आणि डीडीआर४-३२०० या प्रकारच्या मेमरीचा एक चॅनेल सेकंदाला फार तर २५.६ जीबी देतो, म्हणजे चारच चॅनेल भरलेले असल्याने २०४.८ ऐवजी मला १०२.४ जीबी, कोअरमागे जेमतेम १.६ जीबी मिळतात. पाणी पसरण्याचा भाग ज्या चौकटींत विभागला आहे ती माझी जाळी सव्वा कोटी चौकटींची, चौकटीमागे ८० बाईट, असा एकूण १ जीबीचा पसारा आहे. तो २५६ एमबीच्या एल३ (तिसऱ्या पातळीच्या) कॅशमध्ये मावत नाही, आणि ती कॅशही चार-चार कोअरना १६ एमबी अशी तुकड्यांत वाटलेली आहे. आठ-आठ कोअरच्या आठ छोट्या चिप ७ नॅनोमीटरवर आणि मेमरीचे नियंत्रण मधल्या १४ नॅनोमीटरच्या चिपकडे, ही रचना उत्पादनातली नासाडी टाळायला उत्तम असेल; पण मेमरीकडे जाणाऱ्या प्रत्येक कोअरला त्या मधल्या चिपवरूनच जावे लागते.

उरलेले चार चॅनेल भरले, तर ३२ कोअरनंतरची कोंडी खरोखर सुटेल का? दुसरे असे की, बायोसमध्ये (सर्व्हरच्या मूळ सेटिंगमध्ये) एनपीएस४ हा पर्याय निवडून मेमरीचे चार विभाग केले, तर लिनक्स मेमरीचे प्रत्येक पान (छोटा तुकडा) त्या विभागात ठेवते जिथल्या कोअरने त्यावर प्रथम लिहिले. माझा प्रोग्रॅम सगळी जाळी एकाच थ्रेडकडून शून्य करून घेतो, म्हणजे ती सगळी एकाच विभागात जाईल. तो भाग आधी बदलल्याशिवाय एनपीएस४ला हात लावू नये, हा माझा तर्क बरोबर आहे का? सेटिंग फुकट बदलता येते, पट्ट्यांना पैसे पडतात, म्हणून आधी काय करावे हे जाणकारांनी कृपया सांगावे.