काकांचं घर गावकीने वाळीत टाकलंय. दंड भरून मिटवावं की तक्रार करावी?

दिव्याचा_चाकरमानी:

नमस्कार. आमचं गाव दक्षिण रायगडात, नाव लिहीत नाही. गेल्या ग्रामपंचायत निवडणुकीत आमच्या वॉर्डात बिनविरोध करायचं असं गावकीने, म्हणजे गावच्या पंचांच्या बैठकीने, ठरवलं होतं. काकांनी तरीही फॉर्म भरला. ते पडले, पण गावकीचा शब्द मोडला म्हणून 51,000 रुपये दंड आणि देवळात सगळ्यांसमोर माफी, असा ठराव झाला. काका नाही म्हणाले. तेव्हापासून घर वाळीत.

वाणी सामान देत नाही. गिरणीवरून काकूचा डबा तसाच परत येतो. लावणीला मजूर मिळत नाही. शिमग्यात पालखी शेजारच्या अंगणातून पुढे गेली. काकांच्या घरच्यांशी जो बोलेल त्याला 5,000 दंड.

मार्चमध्ये आजी गेली. गावातलं एक माणूस आलं नाही. लाकडं दुसऱ्या गावातून टेम्पोने आणली आणि खांदा द्यायला आम्ही मुंबईहून पोहोचेपर्यंत आजी ओटीवरच होती.

पोलीस ठाण्यात गेलो तर "गावचा विषय आहे, आपसात मिटवा" म्हणाले. बाबा म्हणतात दंड भरून मोकळे होऊ, चुलत बहिणीचं लग्न जमवायचंय. काका अजिबात ऐकत नाहीत. आम्ही सगळे एकाच जातीचे. मग यात कायदा लागतो का? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.

कोर्टकचेरी_अलिबाग:

लागतो. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारापासून संरक्षणाचा कायदा 2016 चा आहे, जुलै 2017 पासून लागू झाला, आणि तो मुळात जातीच्या आतल्या बहिष्कारासाठीच आहे. पंच म्हणा, गावकी म्हणा, नावाने फरक पडत नाही. 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे "आपसात मिटवा" सांगून पोलीस तुम्हाला परत पाठवू शकत नाहीत. जामीनपात्रही आहे, त्यामुळे पंच दुसऱ्या दिवशी गावात दिसले तर घाबरू नका.

ठाण्यात घेत नसतील तर तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पाठवा, पोच जपून ठेवा. तरीही हलले नाहीत तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. ठरावाची बैठक गावच्या मुंबईतल्या मंडळात झाली असेल तर मुंबईतल्या ठाण्यातही गुन्हा नोंदवता येतो.

घाटाखालची_ताई:

तुमचे काका बरोबर आहेत. हे पहिल्यांदा लिहिते, कारण वाळीत पडलेल्या माणसाला त्याच्याच घरातून "तूच कशाला फॉर्म भरलास" हे ऐकावं लागतं आणि त्यानेच तो जास्त खचतो. निवडणूक लढवणं हा त्यांचा हक्क आहे, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

मी महाड, पोलादपूर, माणगाव या पट्ट्यात अशा घरांसोबत ठाण्यात आणि कोर्टात जाते. दंड भरला की मिटतं, हे बाबांना वाटतं तसं नाही. माझ्या माहितीतल्या एका घराने 25,000 भरले. पुढच्याच वर्षी मुलीने जातीबाहेर लग्न केलं म्हणून त्याच घराला दुप्पट लावले. एकदा भरणाऱ्याकडे पुन्हा मागायला पंचांना काहीच वाटत नाही. शिवाय पावती कसली मिळते बघा: "मंदिर जीर्णोद्धारासाठी स्वखुशीने देणगी". म्हणजे पैसे गेलेच, वर पुरावाही तुमच्याविरुद्ध.

खरा पुरावा असतो गावकीच्या वहीत. मी अशा वह्या हातात घेऊन पाहिल्यात. लांब खातेवही, तारीख घालून ठराव लिहिलेला, कुणी मांडला, कुणी अनुमोदन दिलं, दंडाचा आकडा, खाली सह्या आणि म्हाताऱ्यांचे अंगठे. सगळं स्वच्छ अक्षरात, कारण लिहिणाऱ्याला यात काही गुन्हा आहे असं वाटतच नाही. म्हणून तक्रारीत त्या वहीचा स्पष्ट उल्लेख करा, ती कुणाच्या घरी असते ते लिहा आणि जप्त करण्याची मागणी करा. उशीर झाला की वही मुंबईच्या मंडळात जाते आणि मग ती कुणाकडेच नसते. व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप फिरला असेल तर तो फोन तसाच ठेवा, मेसेज पुसू नका, फोन बदलू नका.

आता माझं सगळ्यात महत्त्वाचं म्हणणं. आख्ख्या गावावर केस करू नका. रागाच्या भरात लोक चाळीस नावं देतात, आणि त्या क्षणी चाळीस घरं एक होतात. ठराव मांडणारे, वाचून दाखवणारे आणि दंड वसूल करणारे, एवढीच नावं द्या. वाणी आणि गिरणीवाला हे आरोपी नकोत, ते तुमचे साक्षीदार आहेत. ते 5,000 च्या धाकाने गप्प आहेत. पोलिसांसमोर "मला सांगितलं होतं म्हणून दिलं नाही" एवढं एक वाक्य त्यांनी बोललं तरी केस उभी राहते.

तुमच्या जिल्ह्याला हे नवीन नाही. महाडचा सत्याग्रह 1927 चा. पुढच्याच वर्षी मुंबई सरकारने स्टार्ट समिती नेमली, डॉ. आंबेडकर तिचे सदस्य होते. 1930 च्या तिच्या अहवालात लिहिलंय की अस्पृश्यांनी साधा हक्क बजावला तरी त्यांची कामं आणि वाण्याकडचं सामान बंद करतात. तेव्हा ते हत्यार जातीबाहेरच्यांवर चालत होतं, आज जातीतल्या माणसावरही चालतं. 1949 चा बहिष्कारविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये रद्द केला आणि त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षं राज्यात असा कायदाच नव्हता. नाशिकमध्ये आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीला बापानेच मारलं, त्यानंतर 2013 मध्ये अंधश्रद्धा निर्मूलन समितीने (अंनिस) जातपंचायतींना मूठमाती देण्याचं अभियान उभं केलं. अंनिसचे डॉ. दाभोलकर यांचा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खून झाला. अभियान थांबलं नाही, आणि रायगडातल्या वाळीत घरांनी नावानिशी पुढे येऊन तक्रारी केल्या, त्यातून हा कायदा आला. तुमच्या काकांसारख्या माणसांनीच तो आणलाय. तो वापरा.

तळकोकणी:

ताईंचा आदर ठेवून सांगतो, केस करून गाव मिळत नाही. पोलीस दोन दिवस येतील, पुढे आयुष्य गावातच काढायचंय. उद्या दुखलंखुपलं तर रात्री गाडी कोण काढणार? मुलीचं लग्न आहे. चार मोठी माणसं मध्ये घालून रक्कम कमी करून घ्या.

घाटाखालची_ताई:

रात्री गाडी कोण काढणार, हा प्रश्न खराच आहे. म्हणून केसआधी शेजारच्या गावातली दोन-तीन घरं बांधून ठेवा: एक रिक्षावाला, एक किराणा, लावणीपुरते मजूर. ते मी प्रत्येक घराला करायला लावते. पण रक्कम कमी करून घेणं म्हणजे दंड मान्य करणं. मिटवायचंच असेल तर या कायद्यातच सोय आहे, पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर तडजोड होते. ती गुन्हा नोंदल्यानंतर करा. पंचांनी ठराव रद्द केल्याचं लिहून द्यावं, तेही त्याच वहीत. देवळातली माफी नाही आणि एक रुपयाही नाही. लग्नाचं म्हणाल तर ज्या घराला गावकीचा दाखला हवा, त्या घरात मुलगी द्यावी का, याचाही विचार करा.

दिव्याचा_चाकरमानी:

सगळ्यांचे आभार. काल रात्री हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ठराव आधी मुंबईच्या मंडळात झाला होता आणि खाली त्यांचीही सही आहे. सख्ख्या भावाविरुद्ध. "सगळे करत होते" म्हणाले. आता तक्रार केली तर बाबाच अडकतील का?

कोर्टकचेरी_अलिबाग:

ठरावाच्या बाजूने असलेला माणूसही अडचणीत येऊ शकतो, म्हणून तक्रारीचा मसुदा वकिलाकडूनच करून घ्या. पण बैठकीत काय झालं हे बाबांइतकं कुणालाच माहीत नाही. त्यांनी आपणहून जबाब दिला तर चित्र फार बदलतं.

घाटाखालची_ताई:

बाबांना ओरडू नका. आत बसलेल्या माणसाने तोंड उघडलं की पंचांची बाजू तिथेच लंगडी पडते. वकिलाशी बोलून मंडळाला पत्र द्या: माझी सही मागे घेतो, हा ठराव मला मान्य नाही. नोंदणी करून स्पीड पोस्टाने, तारखेसह. आणि ते पत्र पोस्टात टाकायच्या आधी बाबांनी गावी जाऊन भावाला भेटावं, कारण हे काकांना पोलिसांकडून कळता कामा नये.

अधीक्षक कार्यालयात जाल त्या दिवशी मी येते. इथेच निरोप टाका. काकूंनाही सोबत आणा, गिरणीचं त्यांच्या तोंडूनच सांगू द्या.