ईएसपी३२ ओबीडी रीडर: दोनच फॉल्ट कोड येतात, तिसरा येत नाही

प्रश्न:
गाडीच्या ओबीडी (दोष तपासायच्या) सॉकेटमध्ये लावायचा रीडर बनवलाय. ईएसपी३२ मायक्रोकंट्रोलर बोर्ड, एसएन६५एचव्हीडी२३० ट्रान्सीव्हरचं (बोर्डाला गाडीच्या कॅन डेटा-बसशी जोडणाऱ्या चिपचं) तयार मॉड्यूल आणि १२ चे ५ व्होल्ट करायला एमपी१५८४ बक कन्व्हर्टर अशी जोडणी आहे. ७डीएफ (गाडीतल्या सगळ्या कंट्रोल कॉम्प्युटरांसाठीचा पत्ता) वर ०१ ०सी ही विनंती पाठवली की आरपीएम बरोबर येतो. मोड ०३ ला (साठवलेले फॉल्ट कोड मागणाऱ्या विनंतीला) मात्र दोनच कोड मिळतात. गॅरेजच्या स्कॅनरवर तीन दिसतात. शिवाय अधूनमधून बसवर एरर येतात. रीडर कायम सॉकेटमध्ये राहणार आहे. काय बदलू?

उत्तर १:
तिसरा कोड ईसीयूकडेच (इंजिनच्या कंट्रोल कॉम्प्युटरकडेच) अडकलाय. कॅनच्या एका फ्रेममध्ये (संदेशात) ८ बाइट, त्यात दोनच कोड मावतात. तीन असले की ७ई८ (ईसीयूच्या उत्तराचा पत्ता) वरून १० ०८ ४३ ०३ अशी सुरुवात असलेली पहिली फ्रेम येते आणि ईसीयू तुमच्या परवानगीची वाट बघत थांबतो. लगेच ७ई० (त्याच ईसीयूला पाठवायचा पत्ता) वर ३० ०० ०० ही परवानगी पाठवा, उरलेले बाइट शून्याने भरून पूर्ण ८ करा. ही फ्रेम ७डीएफ वर पाठवू नका. मग २१ ने सुरू होणारी फ्रेम येईल, त्यात तिसरा कोड असेल.

उत्तर २:
एररसाठी आधी त्या मॉड्यूलवरचा १२० ओहमचा रेझिस्टर काढा. गाडीच्या बसला दोन्ही टोकांना १२० आधीच असतात, म्हणून बॅटरी काढून सॉकेटच्या पिन ६ आणि १४ (कॅनच्या दोन वायरी) मध्ये मोजलं की साधारण ६० भरतात. तुमचा तिसरा लागला की ४० होतात आणि सिग्नल दबतो. या दोन वायरींना पीळ द्या.

जास्त काळजी मला पॉवरची वाटते. एमपी१५८४ ची मर्यादा २८ व्होल्ट. अल्टरनेटर चार्ज करत असताना बॅटरीची वायर सुटली तर लाइनवर त्याहून बराच मोठा झटका येतो. झटका शोषणारा एसएमबीजे२४ए डायोड लावलात तरी पूर्ण करंटला तो सुमारे ३९ व्होल्टवर धरतो, तोवर कन्व्हर्टर गेलेला असतो. ६० व्होल्टचा एलएम२५९६एचव्ही कन्व्हर्टर घ्या, इनपुट कपॅसिटरचं रेटिंगही तपासा. पिन १६ ला (बॅटरीचा प्लस) सॉकेटजवळच ५०० मिलीअँपिअरचा फ्यूज हवाच.

प्रश्नकर्ता:
रेझिस्टर काढला, एरर थांबले. ३० ०० ०० नंतर तिसरा कोडही आला. गाडी आठवडाभर उभी राहिली तर?

उत्तर २:
वायरलेस चालू राहिलं तर १२ व्होल्टवर ४० मिलीअँपिअर धरा, म्हणजे दिवसाला जवळपास १ अँपिअर-अवर. छोट्या गाडीच्या ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला हे जड आहे. व्होल्टेज काही मिनिटं १३ च्या खाली राहिलं की ईएसपी३२ डीप स्लीपमध्ये टाका आणि ट्रान्सीव्हरची आरएस पिन हाय करा, म्हणजे तोही स्टँडबायमध्ये जाईल. तयार मॉड्यूलवर ती बहुधा रेझिस्टरमधून ग्राउंडला असते, तो काढून वायर जोडावी लागेल.

उत्तर ३:
आयफोनवरही वापरायचा असेल तर क्लासिक ब्लूटूथचं सीरियल सोडा, बीएलई (कमी ऊर्जेचं ब्लूटूथ) वापरा.