कासं, ब्राँझ, गनमेटल: नेमका फरक काय?

निपाणीहून प्रश्न
घरात तळपायाला तूप घासायची ती काशाची वाटी. शाळेच्या पुस्तकात कांस्य, म्हणजे ब्राँझ. आता उद्यमबागेत नोकरीला लागलो तर स्टोअरमध्ये गनमेटलचे बुश, म्हणजे शाफ्ट (फिरता दांडा) ज्यात बसतो त्या नळ्या. शेजारी बसणारे कन्नड सहकारी वाटीलाही कंचु म्हणतात आणि बुशलाही. मग गनमेटलला मराठीत सरळ कासं म्हटलं तर चालेल का?

बेळगाव, उद्यमबाग
नको रे बाबा, खरेदीच्या कागदावर तर अजिबात नको. तांबं आणि कथील एकत्र आलं की कुळी एकच, पण प्रमाणावर सगळं आहे. गनमेटलची जुनी मिसळ ८८ भाग तांबं, १० कथील, २ जस्त. पूर्वी तोफा ओतायचे म्हणून हे नाव. आता बुश, व्हॉल्व्ह, पंपाचे इंपेलर. काशात कथील २२ टक्क्यांच्या आसपास जातं. त्यामुळे ते कडक होतं, खणखणीत वाजतं, म्हणून घंटा त्याची. पण ठिसूळ. लालबुंद असताना ठोकून घडवता येतं, थंडपणी हातोडा मारलास की तडकलंच. त्याचा बुश केलास तर शाफ्ट तरी खाईल नाहीतर स्वतः फुटेल.

खानापूर
काकांचं बरोबर. एक भर घालते. पितळेत कथील नव्हे, जस्त. भांड्यांना आतून चढवतात ती कल्हई मात्र कथलाची, कारण ती नसली की ताक कळकतं. ‘पितळ उघडं पडलं’ हे बोलणं सोन्याच्या मुलाम्यावरून आलंय, कल्हईवरून नव्हे. आमच्याकडे बरेच जण दोन्हींची गल्लत करतात.

बेळगाव, उद्यमबाग
ताई, पितळेचं निघालंच आहे तर सांगतो. ७०:३० चं, म्हणजे ७० भाग तांबं आणि ३० जस्त असलेलं पितळ थंडपणी खोल दाबता येतं, काडतुसाची नळी त्याचीच. ६०:४० चं गरम असताना घडवायचं. लेथवर भराभर कापायचं असेल तर त्यात तीनेक टक्के शिसं घालतात, मग चुरा बारीक तुटून पडतो, लांब गुंतत नाही. ओतकामात जस्त शेवटी टाकायचं. तांबं वितळतं १०८५ अंशांना आणि जस्त ९०७ लाच उकळतं. आधी टाकलंस तर पांढरा धूर होऊन गेलं. आणि तो धूर छातीत गेला की रात्री ओताऱ्याला थंडी वाजून ताप.

निपाणीहून
होय की, भट्टीवाले ‘जस्त चढलं’ म्हणतात ते हेच! पण मग मॅंगनीज ब्राँझ? त्यात तर कथील जवळजवळ दिसतच नाही.

बेळगाव, उद्यमबाग
कारण ते ब्राँझ नव्हेच. तांबं साधारण ५८, जस्त ४०च्या जवळ, म्हणजे सरळ पितळ, फक्त नाव भारदस्त. ॲल्युमिनियम ब्राँझमध्येही कथील नसतं. जर्मन सिल्व्हर तर तांबं, निकेल आणि जस्त. चांदी औषधालाही नाही. म्हणून नावावर जाऊ नकोस, प्रमाण लिहून घे. माझं मत: पुस्तकात कुळीला कांस्य म्हणा, घरात वाटीला कासं म्हणा, आणि गनमेटलला गनमेटलच राहू दे. तोफधातू वगैरे केलंत तर दुकानदार डोकं खाजवेल.

चिक्कोडी
कन्नडची एक गंमत. पितळेला तिकडे हित्ताळे म्हणतात. वेगळा शब्द वाटतो, पण जुन्या कन्नडातला शब्दारंभीचा ‘प’ पुढे ‘ह’ झाला, दुधाचं ‘पाल’ जसं ‘हालु’ झालं. म्हणजे पितळ आणि हित्ताळे एकाच घरचे. भांडी घडवणारा तिकडचा कंचुगार, आपल्याकडचा कासार. दोघांचीही नावं काशावरून. आपल्या कासाराकडे बांगड्याही मिळतात, त्याचं कारण कुणाला ठाऊक असेल तर सांगा.