मदत हवी आहे: सिचुआन पद्धतीच्या तिखट तेलासाठी कोणती मिरची?

मंडळी, चीनमधल्या सिचुआन प्रांतातलं लाल तेल घरी करायचंय. तिकडे भाजलेली मिरची जाडसर कुटून तिच्यावर गरम तेल टप्प्याटप्प्याने ओततात, म्हणजे वास, रंग, तिखटपणा सगळं उतरतं. माझ्याकडे ब्याडगी आणि संकेश्वरी आहे. ब्याडगी रंगाला झकास, पण तेल जरा जास्त तापलं की चुरा काळपट होऊन कडवट लागतो. दोन्हींचं प्रमाण काय ठेवू? थर्मामीटरशिवाय तेलाचा अंदाज कसा घेता?

दुसरं म्हणजे सिचुआन मिरी आमच्याकडे मिळत नाही. आपलं तिरफळ त्याच कुळातलं, जिभेला तशाच मुंग्या आणणारं. बांगड्याच्या आमटीत घालतो तसं, बिया काढून नुसती टरफलं तेलात चालतील का? की वास फारच उग्र होईल? (बाटलीतली शेजवान चटणी कृपया सुचवू नका!)